डोळा बंद असलेला लेयर क्रॉपमध्ये का कापला जातो आणि तो परत कसा मिळवायचा

मागच्या हंगामाची फोटोशॉपमधली ओपन फाइल, म्हणजे एकावर एक ठेवलेले सगळे लेयर सुटे असलेली फाइल, उघडावी, बंद ठेवलेल्या लेयरच्या नावाशेजारचा डोळा चालू करावा, आणि फोटो खांद्यापासून सरळ रेषेत कापलेला निघावा. फ्लेक्स, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे बॅनर करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. या वर्षी मला दोन फोन आले, एक उदगीरहून, एक परळीहून. दोघांचा प्रश्न एकच होता: "दादा, लेयर तर बंद होता, मग कापला कसा गेला?"

डोळा बंद केल्यावर लेयर फक्त दिसायचा थांबतो, त्याला कसलंही संरक्षण मिळत नाही. क्रॉप, म्हणजे चौकट ओढून मापाला कापणं, एकेका लेयरवर चालत नाही, ते सगळ्या कॅनव्हासवर, म्हणजे फाइलच्या पूर्ण पानावर चालतं. प्रेसमध्ये कटिंग मशीनखाली कागदाचा गठ्ठा लावतो, तेव्हा मधला कागद आपल्याला दिसत नाही, पण पातं खाली आलं की तोही तेवढाच कापला जातो. फोटोशॉपमधल्या लेयरचंही तसंच आहे. लेयरला कुलूप लावलं, ग्रुपमध्ये टाकला, ग्रुपचाच डोळा बंद केला, तरी काही फरक पडत नाही.

मी हे फार उशिरा शिकलो. औसा तालुक्यातल्या एका गावातून एक नातू आजोबांचा फोटो घेऊन आला होता. आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते, आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, गावात बॅनर लावायचा होता. फोटो जुन्या स्टुडिओतला, उभा, पायापर्यंत पूर्ण, एक हात खुर्चीवर. कागदाला भेगा पडलेल्या, डाव्या गालावर बुरशीचा डाग. मी तो स्कॅन केला आणि जवळजवळ तीन तास बसून साफ केला. बॅनर आडवा, सहा बाय तीनचा, म्हणून छातीपर्यंतचाच भाग लागणार होता. पूर्ण फोटोचा लेयर तसाच ठेवून त्याचा डोळा बंद केला, वर त्याची कॉपी घेऊन बॅनर सजवला, शेवटी मापाला क्रॉप केलं आणि सेव्ह केलं. फोटो नातवाला परत दिला.

पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. या वेळी शाळेच्या फाटकाजवळ उभा बॅनर लावायचा होता, आजोबा पूर्ण दिसायला हवे होते. मी फाइल उघडली, बंद लेयर चालू केला. माझ्या शेजारी उभा राहून तो स्क्रीनकडे बघत होता. "दादा, आजोबा अर्धेच का दिसायलेत?" एवढंच त्यानं विचारलं. कमरेच्या खाली काही नव्हतं. हात होता, पण तो ज्या खुर्चीवर ठेवला होता ती खुर्चीही नव्हती.

आधी बघा: कापलंय की बाहेर राहिलंय?

घाबरून लगेच नवा फोटो मागवू नका. अर्धवट दिसणारा लेयर दोन कारणांनी तसा दिसतो. एक तर उरलेला भाग खरोखर गेलेला असतो, नाहीतर तो कॅनव्हासच्या बाहेर शाबूत असतो आणि फक्त नजरेआड असतो. तपासायला दहा सेकंद लागतात. लेयरचा डोळा चालू करा, तो लेयर निवडा आणि कंट्रोल-टी दाबा. लेयरभोवती चौकट येईल. चौकटीच्या कडा दिसत नसतील तर कंट्रोल-शून्य दाबा, स्क्रीन लहान होऊन सगळी चौकट नजरेत येईल. चौकट कॅनव्हासच्या बाहेर पसरलेली असेल तर तुमचा फोटो सुरक्षित आहे. ती कॅनव्हासच्या कडेशीच थांबली असेल तर तो भाग फाइलमधून गेला. बघून झालं की एस्केप दाबा, नाहीतर चुकून लेयर ताणला जातो.

बाहेर राहिला असेल तर सगळ्या लेयरचे डोळे आधी चालू करा आणि मग इमेज मेनूमधून रिव्हील ऑल करा. कॅनव्हास एवढा मोठा होतो की बाहेरचं सगळं आत येतं. हा पर्याय जुन्या फोटोशॉप ७.० मध्येही आहे. कॅनव्हास मोठा करायचा नसेल तर मूव्ह टूलनं लेयर ओढून आत आणा, तेवढंही पुरतं.

ती एक चौकोनी खूण

फोटोशॉप सीएस६ पासून, म्हणजे २०१२ पासून, क्रॉप टूल घेतलं की वरच्या पट्टीत डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स नावाची खूण दिसते. खूण लावलेली असेल तर चौकटीबाहेरचं सगळं कायमचं जातं, दिसणाऱ्या लेयरचंही आणि बंद लेयरचंही. खूण काढली तर कॅनव्हास तेवढा लहान होतो, पण पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, बाहेर तसेच राहतात. त्या वेळी फाइलमध्ये बॅकग्राउंड, म्हणजे सगळ्यात खालचा पक्का लेयर, असेल तर तो आपोआप लेयर शून्य होतो. त्यानं गोंधळू नका, बॅकग्राउंडला कॅनव्हासबाहेर काही ठेवता येत नाही म्हणून सॉफ्टवेअर तसं करतं.

"कधी कापतं, कधी कापत नाही" अशी तक्रार मी खूप ऐकतो. त्याचं कारण हे की ही खूण आपण शेवटची जशी सोडली तशीच राहते. एका कॉम्प्युटरवर दिवसा एक ऑपरेटर आणि लग्नसराईत रात्री दुसरा बसत असेल, तर सकाळी खूण कशी असेल याचा भरवसा नाही. म्हणून क्रॉप टूल हातात घेतलं की आधी नजर त्या खुणेवर जायला हवी.

आपल्याकडे अजून कितीतरी दुकानांत फोटोशॉप ७.० चालतं. ते २००२ चं आहे, पण हलक्या मशीनवर पळतं, त्यामुळे कुणी बदलत नाही. त्यात ही खूण नाही. तिथं आधी क्रॉपची चौकट ओढावी लागते, मग वरच्या पट्टीत क्रॉप्ड एरिया असं येतं आणि पुढं डिलीट आणि हाइड असे दोन पर्याय दिसतात. आपल्याला हाइड हवं. चौकट ओढायच्या आधी हे पर्याय दिसतच नाहीत, म्हणून अनेकांना ते आहेत हेच माहीत नसतं. फाइलमध्ये नुसता बॅकग्राउंड असेल तर हाइड निवडताच येत नाही. बॅकग्राउंडवर डबल क्लिक करून त्याचा साधा लेयर करून घ्या, मग पर्याय खुला होतो.

इमेज मेनूमधल्या कॅनव्हास साइझबद्दल उलटा गैरसमज आहे. माप लहान टाकलं की काही भाग कापला जाईल असा इशारा येतो आणि लोक घाबरून मागे फिरतात. तिथं खरंतर फक्त बॅकग्राउंड कापला जातो. बाकीच्या लेयरचे पिक्सेल बाहेर जिवंत राहतात. कडेनं थोडंसं कमी करायचं असेल तर मला क्रॉपपेक्षा हा मार्ग जास्त बिनधोक वाटतो.

नाव शाबूत, फोटो कापलेला

एकाच फाइलमध्ये काही बंद लेयर कापलेले आणि काही शाबूत सापडतात, तेव्हा डोकं चालत नाही. याचं उत्तर लेयरच्या जातीत आहे. टाइप केलेलं अक्षर, पेननं काढलेला शेप आणि स्मार्ट ऑब्जेक्ट यांना खूण असली तरी क्रॉप कापत नाही. अक्षर आणि शेप पिक्सेल नसतात, आणि स्मार्ट ऑब्जेक्टच्या पोटात मूळ चित्र वेगळं ठेवलेलं असतं. साध्या पिक्सेलचे लेयर आणि मास्क, म्हणजे लेयरचा काही भाग झाकणारे पडदे, मात्र कापले जातात.

इथंच मराठीचं काम करणाऱ्यांची खास अडचण येते. आपली निम्मी नावं श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असतात. दुसऱ्या दुकानात तो फॉन्ट नसला की अक्षरांची खिचडी होते, म्हणून फाइल पाठवण्याआधी आपण सगळं रास्टराइज करून टाकतो. रास्टराइज केलं की अक्षर चित्र होतं, आणि मग चित्राचा नियम त्यालाही लागू होतो. शुभेच्छुकांची यादी रास्टराइज करून बंद ठेवलेली, पुढच्या कार्यक्रमाला डोळा लावला तर शेवटच्या तीन नावांची आडनावं गेलेली, असं मी स्वतः बघितलंय. रास्टराइज करायचंच असेल तर ते पाठवायच्या कॉपीत करा. मूळ फाइलमध्ये अक्षर अक्षरच राहू द्या.

रिझोल्यूशनचा खड्डा

खुणेपेक्षा हा खड्डा मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण यात काही कापल्यासारखं दिसत नाही. क्रॉपच्या पट्टीत रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन अशा तीन जागा असतात. त्या भरलेल्या असतील तर क्रॉप नुसतं कापत नाही, सगळी फाइल त्या मापाला नव्यानं रचतं. बंद लेयरही त्यात येतात, आणि डिलीटची खूण काढलेली असली तरी येतात.

आकड्यात बघू. पत्रिकेच्या फाइलमध्ये एक फोटो १० इंच रुंद, रिझोल्यूशन ३००, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल. म्हणजे त्याच्याकडे आडवे ३००० पिक्सेल आहेत. आदल्या दिवशी कुणी फ्लेक्सचं काम करताना क्रॉपच्या पट्टीत ७२ भरून ठेवलं. तुम्ही तो आकडा न बघता कडेचा जरासा भाग क्रॉप केला. फोटो अजूनही १० इंचाचाच दिसेल, पण पिक्सेल उरतील ७२०. बंद ठेवलेल्या सगळ्या फोटोंचं हेच होईल, आणि ते तुम्हाला त्या दिवशी कळणारही नाही. कळेल तेव्हा, जेव्हा पुढची पत्रिका छापून येईल आणि नवरदेवाचा चेहरा धूसर निघेल. अशा वेळी रिव्हील ऑल काही परत आणत नाही. रिझोल्यूशन पुन्हा ३०० केल्यानंही गेलेले पिक्सेल येत नाहीत, फक्त फाइल जड होते.

उपाय साधा आहे. क्रॉपच्या पट्टीत क्लिअर नावाचं बटण असतं. चौकट ओढायच्या आधी ते दाबायचं. तिन्ही जागा रिकाम्या असल्या की क्रॉप फक्त चौकट बदलतं, पिक्सेलला हात लावत नाही. फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवला असेल तर या खड्ड्यातूनही वाचतो, कारण मूळ ३००० पिक्सेल आत तसेच असतात. स्मार्ट ऑब्जेक्ट सीएस२ पासून, म्हणजे २००५ पासून आहे, त्यामुळे ७.० वाल्यांना ही सोय नाही. त्यांनी तरी क्लिअर विसरू नये.

कोरलची सवय

बंद लेयर सुरक्षित असतो हा समज इतका पक्का का, याचा मी बराच विचार केला. आपल्यातले बहुतेक जण आधी कोरल (कोरलड्रॉ) शिकतात आणि मग फोटोशॉपवर येतात. कोरलमध्ये क्रॉप टूल काही न निवडता चालवलं तर पानावरच्या सगळ्या वस्तू कापतं, पण लपवलेल्या किंवा कुलूप लावलेल्या लेयरमधल्या वस्तूंना ते हात लावत नाही. पॉवरक्लिप करून एखाद्या आकाराच्या आत बसवलेलं चित्रही त्या टूलनं कापलं जात नाही. म्हणजे तिथं डोळा बंद करणं ही खरोखर राखण असते. तीच सवय घेऊन माणूस फोटोशॉपमध्ये येतो आणि फसतो. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात हा फरक दाखवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडं. तिथं प्रत्येक लेयरला स्वतःची हद्द असते. इमेज मेनूमधलं क्रॉप टू सिलेक्शन सगळ्या लेयरवर चालतं, बंद असले तरी. लेयर मेनूमधलं त्याच नावाचं काम फक्त निवडलेल्या लेयरपुरतं असतं. दोन्ही नावं सारखी असल्यानं कोणत्या मेनूत आहात ते बघून दाबा. नव्या आवृत्त्यांच्या क्रॉप टूलमध्ये पिक्सेल डिलीट करण्याची खूण आहे आणि ती मुळात बंद असते. कॅनव्हासबाहेर काय उरलंय ते बघायला २.१०.१४ पासून व्ह्यू मेनूत शो ऑल आलं आहे. कॅनव्हास साइझच्या खिडकीत लेयरचं माप बदलायचं की नाही असा प्रश्न असतो, तिथं नन ठेवलं तर कुठल्याच लेयरचं काही जात नाही.

गेलंच असेल तर

फाइल अजून बंद केली नसेल तर आशा आहे. सेव्ह झाली असली तरी हिस्ट्री पॅनल उघडा आणि क्रॉपच्या आधीच्या पायरीवर क्लिक करा. जुन्या आवृत्त्या २० पायऱ्या लक्षात ठेवतात, नव्या ५०. पायऱ्या संपल्या असतील तर पॅनलच्या अगदी वर फाइल उघडतानाचा स्नॅपशॉट असतो, तो दाबला की सुरुवातीची अवस्था परत येते. मधलं काम जाऊ नये म्हणून स्नॅपशॉटवर जाऊन हवा तो लेयर दुसऱ्या फाइलमध्ये डुप्लिकेट करून घ्या, मग पुन्हा खालच्या शेवटच्या पायरीवर या. ७.० मध्ये कंट्रोल-झेड फक्त एक पायरी मागे-पुढे करतं, अजून मागे जायला कंट्रोल-ऑल्ट-झेड लागतं. हे माहीत नसल्यानं कितीतरी जण एका पायरीनंतर हताश होऊन फाइल बंद करतात.

सेव्ह केलेलं नसेल तर एफ-१२ दाबून फाइल शेवटच्या सेव्हला परत नेता येते. दोन्ही नसेल, म्हणजे फाइल सेव्ह होऊन बंद झाली किंवा मधेच लाईट गेली, तर हिस्ट्री संपली. ती फाइलसोबत जात नाही. मग शोध बाहेर सुरू होतो: प्रेसला पाठवलेल्या पेनड्राइव्हवरची आधीची ओपन फाइल, दुसऱ्या मापाची फाइल, स्कॅनरच्या फोल्डरमधला कच्चा स्कॅन, मेमरी कार्ड. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली कॉपी छपाईला सहसा पुरत नाही, पण चेहरा जुळवायला कामी येते. जुन्या फाइलमधून लेयर आणताना शिफ्ट दाबून ओढा. दोन्ही फाइलचं माप सारखं असेल तर लेयर नेमका आपल्या जागी बसतो.

पुन्हा होऊ नये म्हणून मी काय करतो

मी आता मूळ फाइलमध्ये क्रॉप करतच नाही. मापाचा तुकडा हवा असेल तर इमेज मेनूमधून डुप्लिकेट घेतो आणि त्या खिडकीत डुप्लिकेट मर्ज्ड लेयर्स ओन्ली ही खूण लावतो. समोर जे दिसतंय त्याची एकाच लेयरची कॉपी तयार होते. क्रॉप तिच्यावर, जेपीजी तिच्यातून, आणि प्रेसलाही तीच. मूळ फाइल तशीच बंद. एखाद्याच फोटोचा काही भाग लपवायचा असेल तर क्लिपिंग मास्क, म्हणजे फोटो खालच्या लेयरच्या आकारापुरताच दाखवणं. नव्या आवृत्तीत तो कंट्रोल-ऑल्ट-जी दाबून होतो, ७.० मध्ये नुसत्या कंट्रोल-जीनं.

मग नेहमीच डिलीटची खूण काढून ठेवावी का, असं मला विचारतात. मूळ फाइलसाठी हो. पण बाहेर जाणाऱ्या फाइलसाठी नाही, आणि याला दोन कारणं आहेत. पहिलं वजन. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ७२ रिझोल्यूशनवर पूर्ण मापात केला तर तो ८६४० बाय १७२८० पिक्सेलचा होतो. तेवढा भरलेला एकच आरजीबी लेयर मेमरीत जवळजवळ ४५ कोटी बाइट घेतो. अशा फाइलमध्ये बाहेर लपलेले दहा फोटो ठेवले तर चार जीबीची मशीन हलतच नाही. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. कॅनव्हासबाहेर राहिलेलं ओपन फाइल घेणारा कुणीही रिव्हील ऑल करून बघू शकतो. ओळखपत्रासाठी आधार कार्डाचा स्कॅन घेतला, त्यातला फक्त फोटो ठेवून बाकी क्रॉपनं लपवलं आणि ओपन फाइल दिली, तर त्या माणसाचा आधार क्रमांकही सोबत गेला. लोक विश्वासानं आपल्या हातात कागद देतात. असा भाग असेल तर दिली जाणारी कॉपी खूण लावूनच क्रॉप करा. तो स्कॅन स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर आधी रास्टराइज करा, कारण त्याच्या पोटातलं पूर्ण कार्ड क्रॉपनंतरही तसंच असतं. सगळ्यात बरं म्हणजे फ्लॅटन केलेला, म्हणजे सगळे लेयर एक केलेला, जेपीजी द्या. वर्डमध्ये चित्र क्रॉप करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. तिथंही कापलेला भाग फाइलमध्येच राहतो, तो कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जाऊन वेगळा डिलीट करावा लागतो.

आजोबांच्या फोटोचं पुढं असं झालं. साफ केलेला लेयर कुठंच सापडला नाही. पण स्कॅनरच्या फोल्डरमध्ये कच्चा स्कॅन पडून होता, ६०० रिझोल्यूशनचा, भेगा आणि डागासकट. नातवाला संध्याकाळी या म्हणून सांगितलं आणि पुन्हा बसलो. चेहरा आणि छाती जुन्या फाइलमधून आणली, ती साफच होती. कमरेखालचं धोतर, खुर्चीचा कोरीव पाय आणि खालची सतरंजी एवढंच नव्यानं साफ करावं लागलं. दीड तासात झालं. आता तो फोटो आमच्याकडे तीन ठिकाणी आहे: कच्चा स्कॅन वेगळा, साफ केलेला पूर्ण फोटो वेगळ्या फाइलमध्ये, आणि बॅनरमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून. फाइलच्या नावातच लिहिलंय, "मूळ, क्रॉप करू नये". रात्रपाळीला नवीन मुलगा आला तरी त्याला ते वाचता येतं.